उघाडी

गुरुवारी ओपीडी आटपली की
देवगडच्या रुग्णालयातली एक खोली मला मिळते,
लसींच्या फ्रिजसकट.
फ्रिज घरघरतो. माणसं माझ्याशी बोलताना
त्याच्याकडे बघतात.

मोंडच्या खाडीकाठचे तिघं आले होते:
विश्राम, शेवंती, आणि मधल्या खुर्चीत साईल,
दहावीला न बसलेला,
सात महिने घरात एक शब्द न बोललेला.

मी प्रशिक्षणात शिकलेली भिंत काढली.
म्हटलं, समजा तुमच्यामध्ये एक भिंत आहे,
कशाची असेल?
विश्राम विचारात पडला. प्रामाणिक माणूस.
"चिऱ्याची," म्हणाला, आणि मग दर सांगितला,
नगामागे किती, वाहतूक धरून.

भिंत तिथेच राहिली. बिनगिलाव्याची.

मग शेवंती बोलली, पदराचा काठ चाचपत:
"भिंत नाय ओ मॅडम. बांद हा.
कुर्ल्यो बिळां पाडतत. एक बीळ कोण बघता?
उधाणाक खांड जाता, तेव्हा सगळे धावतत."
"आणि रात्रीची माती कोण घालता?" विश्राम.
"तुमीच. घालताना कोणाक काय काय बोलतास
ता पण सांगा."

फ्रिज गप्प झाला. लाईट गेली होती.

अंधुकात कोणीतरी म्हणालं,
"उघाडीची फळी उलटी बसवलली हा."
आवाज फुटलेला, जाडा,
त्याच्या आईनेही पहिल्यांदा ऐकलेला.
"भायरचा पाणी आत येता.
आतला भायर जाणा नाय."

माझ्या जिभेवर तयार होतं: म्हणजे तुला म्हणायचंय की
मी ते गिळलं.
उघडलेलं कालव जगत नाही.

विश्राम बराच वेळ आपले तळवे बघत राहिला.
"फळी मियाच बसवलंय," म्हणाला.

फाइलीत निदानाच्या रकान्यात मी लिहिलं,
बिजागरी तपासणे,
आणि खोडलं.

पुढचा गुरुवार चुकला, अमावास्या होती.
त्याच्या पुढच्याला आले.
बापाच्या पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, लेकाच्याही,
सारख्याच उंचीपर्यंत.
कुठली फळी फिरवली, मी विचारलं नाही.

शेवंतीने टेबलावर पिशवी ठेवली.
आत काहीतरी खरवडत होतं.
"कुर्ल्यो," ती म्हणाली. "डेंगे बांदलेले हत.
घरी जाऊन सार करा."