जोडस्तंभालेख

बाविस्कर सर म्हणाले, वर्गाला एक प्रश्न विचारा,
उत्तरं मोजा, आलेख काढा, सोमवारी वही द्या.
आवडतं फळ कुणी विचारू नका, म्हणाले,
अडावदला केळीशिवाय दुसरा स्तंभ उभाच राहत नाही.

मी विचारलं, घरी कोणती भाषा बोलता?

सर खुर्चीत, खडू बोटांत.
हात वर होऊ लागले.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
चार उभ्या, पाचवी आडवी,
मराठी, मराठी, मराठी,
हजेरीला 'हजर' म्हणावं तसं.
मुबारक तडवी आणि त्याची चुलतबहीण म्हणाले, हिंदी.
सायसिंग पावराने आधी सरांकडे पाहिलं,
मग बाकाकडे,
मग म्हणाला, "मराठीच लिही."

मराठी एकोणचाळीस. हिंदी दोन.
स्तंभ कागदाबाहेर निघाला
म्हणून प्रमाण घेतलं, एक सेंटीमीटर बरोबर पाच मुलं.
रंगवताना निळा स्केचपेन सुकत आला.
छान दिसत होता तसा,
गावातल्या पाण्याच्या टाकीसारखा,
उंच, आणि एकटा.

मग मधली सुट्टी झाली.

लोकेशचा धक्का लागून बिपिनचा डबा पालथा,
कळण्याची भाकरी, ठेचा, सगळं धुळीत,
आणि एकोणचाळिसांतला बिपिन ओरडला,
"त्यानी मना डबा सांडी दिना!"
एकोणचाळिसांतलाच लोकेश म्हणाला,
"मी काहून सांडू? तूच मधी आला!"
कुणाला दुभाषा लागला नाही.
दोघं बाचाबाची करत
एकाच डब्यातून जेवलेसुद्धा.

नळावर सायसिंग पाचवीतल्या बहिणीला
काहीतरी म्हणाला.
ती इतकी हसली की ओंजळीतलं पाणी गळून गेलं.
काय म्हणाला ते मला समजलं नाही,
लिहिता तर आलंच नसतं.
वर्गात तीन वर्षं माझ्या मागच्या बाकावर आहे तो.
विनोदी आहे, हे मला आज कळलं.

मी निंबाच्या पारावर बसून वही उघडली
आणि कुणालाच काही विचारलं नाही.
चार उभ्या, पाचवी आडवी.

अहिराणी बावीस.
लेवा आठ. पावरी चार. गुजरी तीन.
मुबारकची हिंदी हिंदी नव्हतीच, म्हणून तडवी दोन.
मराठीही दोन :
एक ईशान्या, जी जूनमध्ये पुण्याहून आली,
आणि ग्रामसेवकांची चारुलता,
जी रडतेसुद्धा धड्यासारखी.

रात्री नवा कागद घेतला.
प्रत्येक भाषेला दोन स्तंभ,
सांगितलेलं निळं, ऐकलेलं लाल.
अहिराणीचं सांगितलेलं शून्य.
शून्याचा स्तंभ काढतात कसा?
रुंदीएवढी जागा मोकळी सोडली,
पंगतीत कुणाचं तरी पान मांडलंय
आणि तो अजून आला नाही, तशी.

सोमवारी सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.
बराच वेळ.
मग म्हणाले, "चूक आहे.
पट बेचाळीस, तुझी बेरीज एकेचाळीस.
तू कुठं आहेस?"

मी उभीच.
आई फैजपूरची, ती मले-तुले म्हणते.
बाबा रागावले की अहिराणी, लाडात आले की जास्त अहिराणी.
भाऊ टीव्हीची हिंदी बोलतो.
आणि मी,
मला मी सुट्टीत ऐकलंच नव्हतं,
मी मोजत होते.

तेवढ्यात सरांचा फोन थरथरला.
ते खिडकीकडे वळले, आवाज उतरला,
वर्गात कधीच न ऐकलेला :
"हाव माय, जेवनू. तू जेवनी का?"

परत वळले तेव्हा
अख्ख्या वर्गाचं लक्ष गणितात होतं.
दहापैकी नऊ दिले.
एक गुण माझ्यासाठी कापला, म्हणजे मीच कापला गेला.

सर पटावर नाहीत, बेरजेत धरता येत नाहीत.
तरी वहीच्या मागच्या पानावर
शिसपेन्सिलनं एक उभी रेघ ओढली.
शेजारी माझी ओढायला गेले
आणि हात थांबला,
आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली.