उलकान आपांचा वाटा

तुमच्या पापणीची कड मी खाली ओढली,
तर आत, जिथं लाली असायला हवी,
धुतलेल्या लोकरीचा रंग.
बोट टोचलं. थेंब यायला वेळ लागला,
जणू तोही पाहुण्यांना म्हणत होता, आधी तुम्ही.
यंत्रावर आकडा आला: शहाऐंशी.
नारिनच्या या उंचीवर रक्त जरा दाटच असावं लागतं,
आणि तुमचं शहाऐंशी.
"वय झालं गं, जिपारगुल," म्हणालात
आणि रुमालाची गाठ हनुवटीखाली पुन्हा बांधलीत.

वय मी वेगळ्या रकान्यात लिहिते, आपा.
चौऱ्याहत्तर.

वर्षभरात पडलात का? हा प्रश्न छापीलच आहे.
नाही.
नळाच्या वाटेवर, दोन्ही हातांत बादल्या?
"बसले होते. बर्फावर. थोडा वेळ."
आणि मेंढ्यांच्या गोठ्यात?
"तिथं नुसती टेकले."
कोपरावर पिवळं पडत चाललेलं जांभळं.
पडणं सोडून
सगळी क्रियापदं येतात तुम्हाला.

खुर्चीवरून उठा म्हटलं, हात न टेकता, पाच वेळा.
दोनदा उठलात.
तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे आलेली अंधारी
पडद्यासारखी हातानं बाजूला सारलीत
आणि म्हणालात, चुलीवर चहा ठेवून आलेय.

चहाच.
सकाळी पाव-चहा, दुपारी पाव-चहा,
रात्री पोरांनी ठेवलेलं शेवयांचं पाणी
आणि त्यावर चहा.
घासातलं लोह चहा अडवून धरतो, मी सांगितलं,
सीमेवरच्या शिपायासारखा.
तुम्ही खुदकन हसलात.
"आमच्या आयझादालाही अडवलं होतं, मॉस्कोच्या विमानतळावर. दोन रात्री."
आयझादाची तीन मुलं तुमच्या गोधडीत.
गोळ्यांची पट्टी मी दिली तशीच कपाटात,
पोट धरतं म्हणून. चार गोळ्या कमी. मी मोजल्यात.

शनिवारी सापारबेकच्या नातवाचा दोरा कापायचा होता.
काळ्या-पांढऱ्या लोकरीनं पाय बांधलेलं पोर,
लांबून धावत येणारी मुलं,
पहिली पोचेल तिनं दोरा कापायचा,
म्हणजे म्हणे पोर आयुष्यात अडखळत नाही.
माझा दोरा तुम्ही कापला होतात.
आई सांगायची, उलकान अनवाणी धावली,
बाप्यांना मागे टाकून, पोटात पाच महिन्यांचं.

मग मांस आलं.
इथं हाडं वयानं वाटतात, मानानं.
शेपटीजवळचं, चरबीचं, थोरल्या बाईचं हाड
तुमच्या पुढ्यात.
तुम्ही त्याचा वास घेतलात, डोळे मिटून,
आणि खिशातली प्लास्टिकची पिशवी काढलीत.

तोंडातला घास काढून देते, असं कौतुकानं म्हणतात.
मला ते कौतुक
लाल थेंबाच्या खाली, आकड्यात दिसतं.

मी उठून तुमच्यासमोर येऊन बसले.
तुमची चहाची वाटी माझ्याकडे ओढली.
चारचौघांत दवाखान्याचा आवाज काढला नाही,
नुसती बघत राहिले, मांजर बघतं तशी.
एक घास खाल्लात.
"बास?" नजरेनं विचारलंत. मी हललेच नाही.
दुसरा.
चावताना लाज वाटल्यासारखा हात तोंडापुढे.
उरलेलं पिशवीत गेलं, आणि मी
सापारबेकच्या भिंतीवरचा गालिचा पाहत राहिले.

परतताना अंधार पडला होता, वाट काचेची.
मी तुमच्या दंडाला हात घातला.
इतका बारीक दंड, कोटाच्या बाहीत सापडेचना.
"मला कशाला धरतेस," तुम्ही फटकारलंत,
"मीच तुला धरलंय.
तुझे बूट बघ. शहरातले."

पुढे घसरण होती.
आपण दोघी थांबलो,
पिशवी तुम्ही दुसऱ्या हातात घेतलीत,
आणि मग
लहान, अगदी लहान पावलं.