डांबर जिथे सुरू होतं

इशाकवस्तांनी मागचं हाऊसिंग उघडलं
आणि मला हाक मारली, "ये गो बाय, तुझंच काम हाय हे."
क्राऊनचे दोन दात अर्धे गेलेले,
पिनियनला एका अंगानं झीज,
झोपेत दात खाणाऱ्या माणसासारखी.
सोमवार ते गुरुवार मी रत्नागिरीत लोकांच्या तोंडात बघते.
असं तोंड पाहिलं नव्हतं.

सत्त्याऐंशी सालची जीप, वीस वर्षं चिरेखाणीवर राबलेली.
कुठंही बोट लावा, जांभ्याची धूळ.
वायरींच्या आवरणात, मीटरच्या काचेमागे,
हॉर्नमध्येसुद्धा, म्हणून तो वाजण्याआधी खोकतो.
रंगाखाली खाऱ्या हवेनं चासीची चाळण केलेली.
"वरनं नवरी, आतनं..."
वस्ता वाक्य पुरं करत नाहीत,
कटर पेटवतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं,
"तुला नक्की काय हवंय? कातळ का रस्ता?"
म्हटलं, दोन्ही.
ते कितीतरी वेळ नटांच्या डब्यात बोट फिरवत राहिले.
"कातळाला पाय मऊ लागतात, रस्त्याला ताठ.
कातळावर चारी चाकं एका मताची हवीत,
तीच वळणावर एका मताची झाली
तर गटारात घालतील तुला.
करू दोन्ही. पण मग दोन्हीकडं थोडी थोडी चूक राहणार."

थोडी थोडी चूक मला चालणार होती.
कवळी बसवताना आम्हीही हेच सांगतो,
फक्त जरा गोड आवाजात.

कोल्हापूरहून पाटे आले, लांब आणि लवचीक.
स्टिअरिंग बॉक्स हातखंब्याच्या भंगारातल्या बोलेरोचा.
पुढे डिस्क ब्रेक,
कारण उंच झालेली गाडी उतारावर आपलं मत सहजी बदलत नाही.
ब्रीदरची नळी बॉनेटपर्यंत चढवली,
पूर्णगडच्या खाडीनं डिफरन्शियलमध्ये शिरू नये म्हणून.
आणि दात नवे, जास्त आकड्यांचे, सावकाश चावणारे.

आता लोच्या पहिल्या गिअरात ती
म्हशीला पाणी दाखवायला नेणाऱ्या माणसाहून हळू चालते,
आणि पावसच्या रस्त्यावर साठला गेली
की टायर इतके घुमतात
की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.
दवाखान्यातली सुगंधा एकदाच बरोबर आली.
उतरताना केस सारखे करत म्हणाली, एसटी बरी.

जानेवारीतला रविवार. सडा तापून पिवळा पडलेला.
सोडून दिलेल्या खाणीची कड, कमरेइतकी उंच,
चिरे कापल्याच्या रेघा अजून तिच्यावर सरळ.
वस्ता माझ्याकडे तोंड करून उलटे चालतात,
एका बोटानं मला चालवतात:
डावीकडं, अजून, अजून, बस.
पुढचं उजवं चाक वर.
मागचं डावं हवेत,
आणि सगळी ताकद त्या रिकाम्या चाकालाच,
गरगर, गरगर, नुसता रिकामा उत्साह.

लॉकचा खटका ओढला.
खट्.
मी ॲक्सिलरेटर दाबला नाही, फक्त धरून ठेवला.
जुनी दाढ सुटायच्या आधी
मनगटाला कळतं, ताकद नको, नुसतं टेकून राहा,
तसं कळलं.
खडक थोडा कुरकुरला.
मग आकाशाऐवजी समोर परत सडा होता,
आणि वस्ता, हसू दाबत, कातळावर कुठं किती टायर घासला ते बघत.

परतताना डांबर जिथे सुरू होतं तिथे थांबावंच लागतं.
खाली उतरायचं, दोन्ही हब हातानं फिरवून सोडवायचे,
लॉक सुटलाय ना ते खटका हलवून बघायचं,
मग कॉम्प्रेसर लावून एकेका टायरात बारावरून अठ्ठावीस.
वीस-पंचवीस मिनिटं जातात.
मोटरसायकलवाले थांबून विचारतात, पंक्चर?
नाही म्हटलं की आणखी बुचकळ्यात पडतात.

वस्ता मोरीच्या कठड्यावर बसून बिडी ओढतात.
"हे पण खटक्यावर करता येईल ना," मी म्हटलं,
"बसल्या जागी?"
"येईल की. पैसं लागतील."
धूर समुद्राकडे गेला.
"पण मग आपण हितं बसायचं कधी?"

मी काटा बघितला.
डाव्या मागच्याला अजून अठराच.