नुक्ता

फुजैराच्या जुन्या मासळीबाजारामागे
माझं टायपिंग सेंटर. दोन टेबलं, घरघरणारा एसी,
काचेवर अरबी, खाली इंग्रजी, आणि कोपऱ्यात
मीच रंगवलेलं मराठी : येथे अर्ज भरून मिळतील.
वाचणारं कुणी नाही. असू दे.

बावीस वर्षं मी लोकांना त्यांचंच नाव विचारत आलो.
वीजपाण्याला नाव, घराच्या मंजुरीला नाव,
इस्पितळाला, पेन्शनीला पुन्हा तेच नाव,
मग आईचं, आजोबांचं, टोळीचं,
रक्तगट, पोस्टाची पेटी.
सरकार शेजारच्या खोलीतल्या सरकारला
ओळखत नसे.
त्या अनोळखीपणावर माझी चूल पेटायची.
अर्जाला पंधरा दिरहम, झेरॉक्स वेगळी.

मौजा बिन्त सुहैल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायची.
नाव प्रथम ऐकलं तेव्हा मला हसू फुटलं होतं.
आमच्या सातबाऱ्यावर मौजा म्हणजे गाव :
मौजे आडे, तालुका दापोली.
गावच चालत आलंय म्हटलं, फाइल काखेत धरून.

मी विचारायचो, मुलं किती?
ती चार बोटं वर करायची.
मग खालची ओळ. ती टाळता येत नसे,
तिच्यावर लाल चांदणी होती :
हयात किती?
ती करंगळी मिटायची.
एका वर्षात अकरा वेळा मिटलेली पाहिली मी.
पाण्याच्या सवलतीसाठीसुद्धा.

मग नवी पद्धत आली. एकदा सांगितलंत, पुरे.
एका कचेरीने ऐकलं ते सगळ्यांनी ऐकलं.
अंगठा ठेवा, पडदा आधीच भरलेला,
तळाशी एकच प्रश्न : बरोबर आहे?
माझं गिऱ्हाईक आटलं. एक टेबल विकलं.
खोटं कशाला बोलू, शिव्या घातल्या मी,
अस्सल कोकणातल्या,
कुठल्याच सर्व्हरला न कळणाऱ्या.

मार्चमध्ये ती आली. फाइल नव्हती,
त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.
पुतण्याने दिलेला फोन पुढे सरकवून म्हणाली,
वाच. माझा चष्मा घरी राहिला.
मी वाचलं. चौघांची नावं.
चौथ्यापुढे बारीक अक्षरात : मयत.
कुणी काही विचारलं नव्हतं.
तिची बोटं मांडीवर होती तशीच होती.

आणि मग मला ते दिसलं.
त्यांच्या लिपीत ख आणि ह यांच्यात
एका टिंबाचं अंतर.
खलफानच्या डोक्यावर टिंब नव्हतं.
हलफान.

चूक माझी. ईदच्या आदल्या संध्याकाळची,
रांग दाराबाहेर, चहा कीबोर्डवर सांडलेला.
मदरशात याच एका नुक्त्यासाठी
तळहातावर छडी खाल्ली होती मी.
पूर्वी असली चूक एका फाइलीत मरून जायची.
पुढच्या खिडकीसाठी मी पुन्हा विचारायचो
आणि तिथे बरोबर लिहायचो.
आता एकदा विचारलेलं, एकदाच चुकलेलं,
पाण्यात, घरात, इस्पितळात,
होडी परतली नाही त्या बंदराच्या वहीत,
सगळीकडे एकमुखाने चुकीचं.

सांगितलं तिला. माझं नाव घेऊन सांगितलं.
ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
मग अगदी हळू म्हणाली,
म्हणजे बुडाला तो हलफान.

एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
मी त्या वाक्याला हात लावला नाही.

लाव, ती म्हणाली शेवटी. त्याचं टिंब लाव.

जन्माचा दाखला जोडला, कारण लिहिलं : टंकलेखकाची चूक.
चौथ्या दिवशी मंजुरी आली.
एक टिंब मी इथे, मासळीबाजारामागे ठेवलं
आणि सगळ्या कचेऱ्यांत ते एकाच क्षणी पडलं.
एवढं मात्र जुन्या पद्धतीला
सात जन्मांत जमलं नसतं.

किती झाले, तिने विचारलं.
टिंबाचा दर माझ्या पत्रकात नाही.
घेऊ नयेत असं वाटलं.
भाडं थकलं होतं.
पंधरा घेतले.