जे हललं तेवढंच

कुताइसीत, जिन्याखालच्या माझ्या दुकानात
नानुलीबाईंनी कॅसेट आणली
ती उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
"एक्क्याण्णवचं लग्न आहे, धाकटीचं.
सुखुमीचं अंगण आहे त्यात.
चालतंय का, बघ पोरा."

चाललं. पण रंगाविना.
त्या काळच्या सोव्हिएत पद्धतीचा रंग
आजच्या यंत्राला ओळखूच येईना.
संत्री राखाडी, दारू राखाडी,
नवरीच्या हातातली फुलं निव्वळ सिमेंट.

मग प्लेअर उघडला,
हेडजवळून थेट तार ओढली
आणि कच्चा सिग्नल, जसाच्या तसा, डिस्कवर ओतला.
एका तासाच्या लग्नाचे दीडशे जीबी.

तो उलगडणारा प्रोग्राम फुकट मिळतो.
कुणी लिहिला, ठाऊक नाही.
रंगाच्या फाइलमध्ये कुणीतरी एक ओळ सोडून गेलंय:
"इथे दोन का, ते मला कळलेलं नाही. पण दोननंच जमतं."
मी दोनच राहू दिलं.
चौदा तास पंखा घोंघावला
आणि पहाटे एक संत्रं पिकलं.

जुन्या व्हिडिओची प्रत्येक चौकट म्हणजे दोन क्षण, एकमेकांत विणलेले.
विषम ओळींत एक, सम ओळींत त्याच्या पुढचा.
कुणी झटकन वळलं की कडेला फणीसारखे दाते येतात.
फिल्टर लावला, दाते गेले.
दुसऱ्या फिल्टरनं आवाजातली खरखर निवडून काढली.

नानुलीबाईंनी चष्मा पुसून सगळं पाहिलं.
"स्वच्छ आहे.
पण वारा कुठे गेला?"
कुठला वारा?
"समुद्राकडून यायचा तो. माइकमध्ये घुसायचा,
टेबलक्लॉथ उडवायचा आणि वडील त्याला शिव्या घालायचे.
शिव्या आहेत, वारा नाहीये."

वारा परत घातला.

त्सिआला, म्हणजे ती नवरी, आता बारीत असते.
परक्या म्हातारीला भरवते, पुसते, झोपवते.
तिच्या फोनवर पोचायचं तर फाइल बारीक करायला हवी.
"बारीक म्हणजे त्यातलं काय काढणार तू?"
सूर असा, की मी मापात मारतोय.

सांगितलं, पहिली चौकट पूर्ण लिहितो.
मग नुसता फरक. जे हललं तेवढंच.
भिंत, फाटक, द्राक्षांचा मांडव
एकदा लिहिले की झालं,
पुढे फक्त म्हणायचं: मागच्यासारखंच.
सगळा खर्च माणसांवर.

बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिल्या.
"म्हणजे घराला काही लागत नाही."
फारसं नाही.
"बरोबर आहे. घर कुठे हललं?
आम्हीच हललो."

रात्री अकराला, बारीतली म्हातारी झोपल्यावर, स्ट्रीम सुरू केला.
तीन प्रती ठेवल्या होत्या, तिच्या फोननं सगळ्यात गरीब उचलली.
नवरीचा चेहरा म्हणजे सहा ठोकळे.
स्पीकरवर त्सिआला श्वास रोखून.
"नानुली, मी कुठली?"
"पांढरी. मधली."
"नाही दिसत गं... थांब.
थांब, ते निळं! फाटक ना ते?
बाबांनी होडीचा उरलेला रंग दिला होता."
निळा चौकोन, नखाएवढा.
"तेच," नानुलीबाई म्हणाल्या.

मग चित्र अडकलं. गोल फिरत राहिला.
पलीकडे म्हातारी जागी झाली असावी,
त्सिआला इटालियनमध्ये हळू काहीतरी समजावत होती,
लहान पोराला समजवावं तसं.
इकडे नानुलीबाई अभ्र्याची घडी घालत, मोडत.

दर दोन सेकंदांना मी एक पूर्ण चौकट पेरलेली असते.
मध्येच गळालेल्याला
पुन्हा कुठून तरी आत शिरता यावं म्हणून.
तिथूनच चाललं पुन्हा. वाऱ्यासकट.

पंधरा लारी झाले. त्यांनी वीस दिले,
वर आंबट आलुबुखाराच्या चटणीची बाटली.
कॅसेट पुन्हा अभ्र्यात गेली.

दुकान बंद करण्याआधी ती फाइल उघडली,
त्या अनोळखी ओळीखाली एक ओळ लिहिली आणि पाठवून दिली:
"इथेही दोननंच जमलं. कुताइसी."
अजून कुणी घेतलेली नाही.