डागी माल

मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, डुलुथमध्ये,
चर्चच्या तळघरात जुन्या वस्तू विकायला मांडतात.
सरोवर अजून गोठलेलं, दारात बुटांचा चिखल,
आणि लांब टेबलावर,
जोडी हरवलेल्या हातमोज्यांच्या शेजारी
हिरव्या रसांची पुस्तकं.

दर वर्षी येतात.
लोक जानेवारीत घेतात, मार्चमध्ये आम्हाला देतात.
मुखपृष्ठावर तीच ती हसरी बाई, दर वेळी वेगळ्या नावानं,
हातात उंच ग्लास, आणि दात असे
की पालकाचं पान कधी अडकलंच नसावं.

किमती लावायचं काम आर्डिस टॉलेफसनकडे.
वय एक्याऐंशी, त्यातली तीस वर्षं शाळेच्या खानावळीत.
ती पुस्तक वाचत नाही.
कणा मोडलाय का बघते, पानांना नाक लावते,
अंगठ्यानं खरवडते.
कोरं करकरीत असेल तर चिठ्ठी : पंचवीस सेंट.
डाग असतील तर : एक डॉलर.

मी म्हटलं, आर्डिस, हे उलटं झालं की.
"कोऱ्या पाटीला काय विचारायचं?" ती म्हणाली,
आणि एक डागी माल माझ्यापुढे सरकवला.

समासात पेन्सिल. बाईचं अक्षर, उजवीकडे कललेलं.
*आधी पाणी, मग पानं. मोटर जळाली.*
*आलं अंगठ्याएवढं म्हणे. कुणाच्या?
माझ्या. व्हर्लिनच्या नव्हे.*
*केलचे देठ कोंबड्यांना.*
*सेलरी गाळून घ्या, नाहीतर चावून प्या.*
*बीट प्यायलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरू नका.*

पान त्रेचाळीस : काकडी, नाशपाती, पुदिना.
कागद भिजून वाळून इतका पातळ
की पलीकडचं चव्वेचाळीस दिसतं.
इथे शेरे नाहीत, नुसत्या तारखा,
नोव्हेंबरातल्या, एकाखाली एक.
दोन घोट.
दोन घोट.
नको म्हणाला.
पाव ग्लास.
अर्धा, बर्फ घालून.
मग चार दिवस काहीच नाही.
मग : *पूर्ण. वर भांडला.*

"कोण होती?"
"काय माहीत. खोक्यावर नाव नव्हतं," आर्डिस म्हणाली.
"पण पुस्तक कामाला आलं."

दुपारी एक पोरगा आला, बर्फ हटवणाऱ्या गाडीवरचा,
टोपीतून पाणी ठिबकत होतं.
खिशातून दवाखान्याचा कागद काढला,
वाचला, परत ठेवला.
"पंचवीसवाल्यात आणि डॉलरवाल्यात पाककृती त्याच ना?"
"त्याच."
"मग?"
आर्डिसनं त्रेचाळीस उघडून दिलं.
त्यानं उभ्याउभ्या वाचलं, ओठ हलवत,
*वर भांडला*पाशी थांबला,
आणि डॉलर काढला, चुरगळलेला, ओला.
मग विचारलं, ब्लेंडर आहे का?
होता. तीन डॉलर. झाकण नव्हतं.
"वर बशी ठेव," आर्डिस म्हणाली, "आणि तळहातानं दाब."

उरलेल्यांतलं एक कोरं मी घरी आणलं.
कोलेस्टेरॉलचं निमित्त होतं, आणि थोडी लाजही,
तीन तास विकून स्वतः काही न घेतल्याची.
मंगळवारी, सकाळी सहाला, पान सात :
पालक, सफरचंद, अर्धं लिंबू.
पुस्तकात सगळं होतं. वजनं होती, फायदे होते,
जीवनसत्त्वांचा रंगीत तक्ता होता.
झाकण बसलं की नाही ते बघा,
एवढंच कुठे नव्हतं.

छताला मी तसंच सोडलं. आधी पेन्सिल शोधली.
पान सातच्या समासात लिहिलं : *झाकण!*
शेजारी सफरचंदाची साल चिकटली होती,
ती पुसली नाही.

आर्डिसच्या हिशेबानं
आता चाळीस सेंट तरी झाले असतील.