बंबाचं यान

प्रमिला हुपरीकर पहिल्यांदा तांबट आळीत आल्या
तेव्हा पिशवीत मेथीची जुडी होती
आणि जुडीखाली तेरा भागांची फाईल, मंजूर.
म्हणाल्या, करडे, शनीपर्यंत जाईल असा बंब हवाय.
मी विचारलं, पाणी किती लिटर?

खडकीच्या कारखान्यात त्या काडतुसांचा हिशोब ठेवायच्या.
रद्द झालेल्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूला
माणसं पृथ्वी सोडून निघायची,
आणि प्रत्येकाच्या पत्त्यात पिनकोड असायचा.
इतक्या लांब गेल्यावर टपाल चुकायला नको, म्हणायच्या.

अकरा रात्री मठारलं मी तांबं.
ठोक्याशेजारी ठोका, मधे जागा नाही,
धुराडं काढलं, तिथं खिडकी बसवली.
तोटी काढायची राहिली.
ती तोटी तेरा रविवार अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली
आणि कुणी चकार शब्द काढला नाही.
बार्शीच्या एका मुलीने तेवढं पोस्टकार्ड टाकलं:
यानात गरम पाण्याची सोय आहे हे आवडलं.

शूटिंग वेताळ टेकडीच्या खाणीत.
शनीच्या चंद्रावर चरायला येणाऱ्या शेळ्या हाकलणं
हे खातं माझ्याकडे.
सकाळी फिरायला येणारे एक निवृत्त गृहस्थ
काठी टेकून उभे राहायचे:
वातावरणच नाही, तर झेंडा हलतो कसा?
बाई त्यांना चहा द्यायच्या
आणि पुढच्या भागात वातावरण लिहायच्या.

मग केबल आली.
कर्वे रस्त्यावर दोन खोल्या, दारावर निर्मितीसंस्थेची पाटी,
आणि साडेचारशे भागांची एक सासू.
बाईंनी तिला कधी नावं ठेवली नाहीत.
पगार व्हायचे. माझी थोरली त्यावर इंजिनिअर झाली.
फक्त दर दिवाळीच्या आसपास, कथेत काही कारण नसताना,
त्या घरातली धाकटी सून गच्चीवर जायची
आणि खालून हाक येईपर्यंत वर बघत राहायची.
चॅनेलच्या माणसाने विचारलं, काय बघते ही?
वाळवण.
रात्री?
हो, रात्री.

तेरा भागांच्या टेपा पुसल्या गेल्या
हे आम्हाला फार उशिरा समजलं.
टेप महाग. शनीवर
भुईमुगावरच्या किडीचं मार्गदर्शन भरलं होतं.
किडीचंही कुणीतरी सांगायला हवं, बाई म्हणाल्या,
आणि चष्मा पुसला, बराच वेळ.

परवाच्या माघात नाना पेठेतले एक दातांचे डॉक्टर आले, आढाव.
रुमालात गुंडाळलेली कॅसेट.
लहानपणी टीव्हीसमोर रेकॉर्डर धरून बसले होते,
भाग नववा. चित्र नाही, नुसता आवाज.
बाईंनी कानातलं यंत्र नीट बसवलं.
आधी खरखर. मग माझ्या बंबाचा दरवाजा
(तो आवाज मी झोपेतही ओळखीन),
मग कप्तानीण, यान भरकटलेलं:
पृथ्वी, ऐकू येतंय का? पृथ्वी?
आणि पृथ्वीवरून डॉक्टरांची आई:
तीन झाल्या, गॅस बंद कर रे!

डॉक्टर ओशाळले. म्हणाले, हल्ली यंत्रं आहेत,
कुकरच्या शिट्ट्या काढून टाकता येतात.
बाई म्हणाल्या, हात लावू नका.
तिथून उत्तर काय यावं
ते मला त्या वेळी सुचलं नव्हतं.
मी जागा कोरी सोडली होती.

यान माझ्याकडे आहे. धुराडं परत बसवलंय.
थंडीत सून त्यात पाणी तापवते,
तोटी जराशी गळते.
लिटरचं त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.
मी भरून मोजलं.
बावीस.